गोमाचा हात

कर्जतच्या वाचनालयातल्या रोहिणीला एक खोड होती. जुनं पुस्तक हाती लागलं की त्यातला मजकूर राहायचा बाजूला, आणि ही बाई शोधत बसायची की हे आधी कुणाकुणाचं होतं. कुणाचा शिक्का, कुणाची सही, कुणी खूण म्हणून ठेवलेलं एसटीचं तिकीट. नवरा म्हणायचा, पगार पुस्तकं द्यायचा आणि उद्योग लष्कराच्या भाकऱ्या भाजायचा. पण खोड ती खोड, बोलून थोडीच जाते?

तर यंदा मागच्या कपाटातून पक्ष्यांचं एक पुस्तक निघालं. पहिल्या पानावर खोपोलीतल्या कुठल्याशा क्लबाचा जांभळा शिक्का, त्याखाली दशरथ गुरुजींची ठसठशीत सही. आणि शेवटच्या कोऱ्या पानावर एक हात. लहान मुलं कागदावर पंजा ठेवून भोवतीनं पेन्सिल फिरवतात ना, तसला. अंगठ्यापाशी पेन्सिल घसरलेली, आणि करंगळीशेजारी नाव लिहिलेलं, गोमा.

गुरुजी निवृत्त होऊन खोपोलीतच असतात, हे चार ठिकाणी विचारल्यावर कळलं. रोहिणीनं करंगळीशेजारच्या त्या नावापुरता फोटो काढून गुरुजींना पाठवला आणि फोन केला. गुरुजी हळूहळू सांगू लागले. क्लब बंद पडला तेव्हा त्याची पुस्तकं रद्दीत निघाली, त्यातून हे त्यांनी उचललं. तेव्हा ते डोंगरातल्या एका आश्रमशाळेत होते. चौथीतला गोमा पाखरांपायी वेडा, म्हणून त्यालाच बक्षीस देऊन टाकलं. त्याच पावसाळ्यात पोर तापानं गेलं. दिवस-कार्य उरकल्यावर त्याचा बाप कोंडाजी डोंगर उतरून शाळेत आला आणि पुस्तक परत देऊन गेला. शाळेनं दिलं म्हणजे ते सरकारचं. पोर गेलं, आता ज्याचं त्याला पोचतं करावं, असा त्याचा सरळ न्याय. गुरुजींनी परोपरीनं सांगितलं, पण तो ऐकेना. पुढं गुरुजींच्यानं ते घरात ठेववेना, त्यांनी ते वाचनालयाला दिलं. कोंडाजी आता नाही. गोमाची आई, ठकी, आहे अजून वाडीवर.

झालं! रोहिणीच्या मनानं घेतलं की हा हात त्या आईला दाखवायचाच. पण ते शेवटचं पान एका दोऱ्याला लोंबत होतं. पिशवीतून डोंगर चढून न्यायचं म्हणजे वाटेत गळून पडायचं. म्हणून आधी पुस्तक खोपोलीच्या रिझवानभाईकडे बांधायला दिलं. वाचनालयाची सगळी पुस्तकं तोच बांधायचा. जपून बांधा, पान सुटता कामा नये, असं दोनदा बजावलं आणि रविवारी एकटीच वाडीवर गेली.

ठकी अंगणात नाचणी झोडत होती. गुरुजींचं नाव काढल्यावर ती थांबली, आणि पोराचा हात पुस्तकात आहे म्हटल्यावर खालीच बसली.

"फोटू नाय त्याचा," ती म्हणाली. "कापडं त्याच्यासंगं गेली. तोंडवळा बी आता नीट आठवत नाय, बाय. केवढा हाय गं हात?"

रोहिणीनं आपल्या तळव्यावर बोट ठेवून माप दाखवलं. बाजाराच्या दिवशी येते, असं ठकीनं सांगितलं.

मंगळवारी पुस्तक बांधून आलं. लाल कापड, पाठीवर सोनेरी अक्षरं, कडा कशा सुरीसारख्या सरळ कापलेल्या. रोहिणीनं कौतुकानं शेवट उघडला. तिथं नवाकोरा जाड कागद होता.

फोन केला तर रिझवानभाईला काही समजेचना. म्हणाला, ताई, मागचीपुढची कोरी पानं फाटकीच असतात, ती काढूनच नवं अस्तर लावतात, तुमची सगळी पुस्तकं मी अशीच बांधतो. खरंच होतं ते. इतकी वर्षं ती पुस्तकं तपासून, छान झालंय म्हणून, हिनंच घेतली होती. त्या पानावर काय आहे हे सांगावं, असं हिच्या मनातही आलं नव्हतं. तरी ती धावत खोपोलीला गेली. बिचारा रिझवानभाई स्वतः गुडघ्यांवर बसून यंत्राखालचं कातरण उपसत होता. पण आदल्या दिवशीच रद्दीचा टेंपो भरून गेला होता, त्याचा एव्हाना लगदाही झाला असेल. करायला गेली गणपती आणि झाला मारुती! शिव्या तरी कुणाला घालायच्या?

बाजाराच्या दिवशी ठकी वाचनालयात आली ती डोक्याला तेल लावून, धुतलेलं लुगडं नेसून. खुर्ची दिली तरी जमिनीवरच टेकली. रोहिणी तिच्यासमोर बसली आणि काही न लपवता सगळं सांगून टाकलं. ठकी रडली नाही. तिनं पुस्तक मांडीवर घेतलं आणि पहिल्यापासून एकेक पान उलटलं, शेवटच्या जाड कागदापर्यंत. त्या कागदावरून तळवा फिरवून पाहिला.

मग रोहिणीला गुरुजींना पाठवलेला फोटो आठवला. तिनं घाईघाईनं फोन काढला.

"ह्ये काय लिवलंय?"

"गोमा."

"आसंल. मला काय कळतंय?"

पण नावाच्या कडेला, फोटोच्या अगदी काठावर, पेन्सिलीची एक बारीक कमान आली होती. करंगळीचं टोक. तेवढंच. रोहिणीनं ते दाखवलं तशी ठकीनं आपलं बोट त्यावर टेकवलं. फोटो सरकला आणि कुणाच्या तरी वाढदिवसाचा केक आला. रोहिणीनं फोटो परत आणला. ठकीनं पुन्हा हळूच बोट टेकवलं. पुन्हा केक.

रोहिणी म्हणाली, मी हे कागदावर छापून देते मावशी, मोठं करून देते. ठकीनं हात मागं घेतला आणि पदराखाली ठेवला.

"बगाया नव्हते आले, बाय," ती म्हणाली. "त्याचा हात धराया आलते."