डुकराची धून आणि पंधरा मुली

ऐका हो! मी भोंगा बोलतोय. वाहाका प्रांताच्या डोंगरात, सान हासिंतो गावात, फिदेंसिओच्या दुकानावरच्या खांबाला बांधलेला. तोंड चर्चकडे, पाठ मक्याच्या शेतांकडे.

जन्म शहरातल्या पत्र्याच्या कारखान्यात झाला आणि तारुण्य निवडणुकीत वाया गेलं. दोन महिने एका उमेदवाराने माझ्या घशातून गावाला रस्ता, पूल, दवाखाना सगळं देऊन टाकलं. निकाल लागला तसा तो पसार झाला. त्याच्या ड्रायव्हरला दोन टर्की कोंबड्या देऊन फिदेंसिओने मला ठेवून घेतलं. रस्ता अजून यायचाय. मी मात्र तेव्हापासून खरं बोलायला लागलो.

आमच्याकडे प्रत्येक बातमीची आपली धून असते. गॅसची गाडी आली की घंटा. कुणी वारलं की संथ बँड. आणि दर शनिवारी आमच्या दोन्या, म्हणजे बाई, क्रेसेन्सियाने डुक्कर कापलं की ट्रम्पेट! ट्रम्पेट वाजलं की बायका पुढचा शब्द ऐकत बसत नाहीत. पातेलं उचलतात आणि निघतात. पुढचं सांगायला क्रेसेन्सियाची बारा वर्षांची लेक यारेली असते: कुणाच्या घरी, काय, किती वाजता, पातेलं आपापलं आणा. खलास.

एका सोमवारी ब्रिहिदा मास्तरीणबाई कागद घेऊन आल्या. गावची शाळा सहावीपर्यंत. पुढची शाळा डोंगरापलीकडे, तीही प्रवेशपरीक्षा देऊन. मुलगे जातात, मुली चुलीपाशी बसतात. म्हणून मुलींसाठी शनिवारचा वर्ग निघाला होता. अट एकच: शुक्रवारपर्यंत पंधरा नावं, नाहीतर वर्ग शेजारच्या गावाला.

काम सोन्यासारखं. पण शिक्षण कार्यालयातून आलेला कागद! ‘किशोरवयीन बालिकांच्या सर्वांगीण सक्षमीकरणार्थ सहभागात्मक अवकाश निर्माण करण्यात येत आहे.’ बाईंनी तो तीन दिवस माझ्यातून वाचला. माझ्या घशात गंज आहे, पण असला कफ कधी झाला नव्हता. उमेदवाराच्या थापा निदान कळायच्या तरी! हे लिहिणारा आयुष्यात एखाद्या आईशी दोन वाक्यं बोलला होता का, एवढंच मला विचारायचंय.

खाली बायका उभ्या होत्या.

“हे कशाचं गं?”

“विमा असेल.”

“छे! पोरींना कुठेतरी नेणारेत. कुठे ते सांगत नाहीत, म्हणजे लांबच.”

“माझीला नाही धाडायची, बाई.”

बुधवार संपला तेव्हा बाईंच्या वहीत नावं शून्य. यारेलीचंसुद्धा नव्हतं. “सहावी झाली की तू माझ्या तळणाच्या कढईपाशी,” असं तिच्या आईने आधीच ठरवून टाकलं होतं.

गुरुवारी सकाळी बाई दुकानातल्या माइकपाशी बसल्या होत्या, तोच यारेली आली.

“बाई, आमच्याकडे डुक्कर कापलं की आम्ही ‘सर्वांगीण पोषण उपलब्ध’ असं ओरडतो का?”

“मग काय ओरडू?”

“तुम्ही नका ओरडू. सरका जरा.”

आणि कार्टीने ट्रम्पेट लावलं. मला सगळं कळत होतं.  तरी असा दणदणीत वाजलो, की चर्चवरची कबुतरं उडाली.

पाच मिनिटांत दुकानासमोर चाळीस पातेली! सगळ्यांच्या पुढे, हातात सुरा आणि अंगावर ॲप्रन, खुद्द दोन्या क्रेसेन्सिया.

“कोण मेला माझ्या धुनेवर मटण विकतोय? माझं डुक्कर अजून परसात चरतंय!”

“आई, मीच वाजवलं.”

“तू? ये इकडे, तुझंच तळण काढते!”

माइक चालूच होता. फिदेंसिओचा हात बटणाकडे गेला, पण मायलेकींचं भांडण फुकटात ऐकायला मिळत असताना कोण बंद करतं? सगळं गाव ऐकत होतं.

“काढ तळण, पण आधी ऐक,” यारेली म्हणाली. “वर्ग सुईणीच्या अंगणात, फिलोमेना मावशीच्या. दर शनिवारी दहा ते दोन. शिकवणार ब्रिहिदाबाई. परीक्षेचं गणित आणि वाचन. जाताना, येताना पोरी जोडीने. दोनला सुटलं की थेट घरी. आणायची फक्त वही.”



“सुईणीच्या अंगणात?” एक जण म्हणाली. “अगं, माझी तिथेच तर जन्मली!”

“मग सोमवारपासून ते कसलं अवकाश-अवकाश लावलं होतं?” दुसरी बाईंवर उखडली. “मला वाटलं पोरींना रॉकेटमध्ये बसवतायत! लिहा माझ्या दोघींची नावं.”

बाईंनी कागद घडी करून खिशात टाकला आणि नावं लिहायला घेतली. सहा झाली, दहा झाली, चौदा झाली. मग नावं थांबली.

सगळ्यांच्या माना क्रेसेन्सियाकडे वळल्या.

“शनिवारी दहाला माझी कढई चढते,” ती म्हणाली. “हिच्याशिवाय मी काय चार हातांनी तळू?”

यारेली खाली बघत होती.  तिच्या बाजूने मला बोलायचं होतं. आम्हा भोंग्यांचं हेच दुःख, आवाज मोठा पण दुसऱ्याचा.

क्रेसेन्सियाने सुरा ॲप्रनला पुसला. मग माइक ओढून घेतला आणि, जवळ माइक असूनही, डोंगरापलीकडे ऐकू जाईल अशी ओरडली:

“ऐका! या शनिवारपासून मटण आणि तळलेल्या कातडीचं चिचारोन दुपारी दोनला. दहाला कुणी दारात आलं तर हाकलून देईन. माझी मुलगी शाळेत असेल.”

आज माझी कड चेपलीय. पाठीत चिमण्यांनी घरटं केलंय, त्यामुळे संथ बँड लागला तरी मधूनच चिवचिव होते. पण शनिवारी दोन वाजता ट्रम्पेट लागतं आणि धापा टाकत यारेलीचा आवाज येतो, कारण ती थेट वर्गातून पळत आलेली असते.

कागद लिहिणाऱ्या मायबापांनो, एवढं माझं ऐका. पोरींसाठी काही काढलंत, तर कुणाच्या घरी, काय, आणि पोर परत किती वाजता, हे आधी सांगा. सांगता येत नसेल, तर माइक यारेलीला द्या. आणि पातेलं घेऊन या. तळण बरं होतं.