कान दाखवा

मला घरी कौसा म्हणतात, बँकेत कौशल्याबाई, आन् भागवत मालकाच्या वावरात 'लिंबाजीची बायको'. तिन्ही मीच. पण तिसरं नाव ऐकलं की माह्या तळपायाची आग मस्तकाला जाते, हे आधीच सांगून ठेवते.

आमी धनगर. मेंढरं पाळायची ती आमीच. पण माह्या नवऱ्यानं, लिंबाजीनं, उभ्या जन्मात सोताचं एक कोकरू पाळलं न्हाई. पाडवा आला की भागवत मालकाकडं साल ठरवायचं, वरीसभर तेची मेंढरं राखायची, पुढच्या पाडव्याला पुन्हा तेच. मालकाची एक अट व्हती, माह्या कळपात तुमची मेंढरं मिसळायची न्हाईत. मिसळली की कोकरू कोणाचं, ह्याच्यावरून भांडणं व्हतात म्हणे. लिंबाजी तेलाबी 'बराबर हाये मालक' म्हणायचा. तेला जगातलं सगळंच बराबर वाटतं. तेच तर माह्यं दुखणं.

माह्या आईनं मला आंदण म्हणून एक शेळी दिली व्हती. ती मी दारात बांधून पोसली, तिची करडं वाढवली, आन् एका बाजारी सगळ्या एकदम विकून पैशे कळमनुरीच्या बँकेत टाकले. खातं माह्या एकटीच्या नावावर. लिंबाजीला म्हणलं, हे मेंढरांचं बियाणं हाये. एक दिवस तुह्यं साल सुटंल आन् ह्यातून आपला कळप उभा राहील. तो म्हणला, "बराबर हाये." मी म्हणलं, बराबर असंल तर खात्याकडं नजर लावायची न्हाई.

आमच्यात देवाच्या नावानं एखादं मेंढरू राखतात. तेची लोकर कातरायची न्हाई, ते विकायचं न्हाई, तेला काठीबी लावायची न्हाई. खात्याचं मी तसंच केलं. बँकेनं लखोट्यात घालून कार्ड दिलं व्हतं. ते लखोट्यासकट खंडोबाच्या टाकापशी ठेवलं, वरून भंडारा टाकला, आन् उघडलंच न्हाई. लिंबाजीला एका पावसाळ्यात ताप आला, तवा दागिना मोडला पण खात्याला हात न्हाई लावला. बहिणीच्या पोरीच्या लग्नात जुन्याच पातळात मिरवले. बाया तोंडाला पदर लावून हसल्या. हसू द्या. असा जीव घट्ट करायला छाती लागते. मला तेचा अभिमान व्हता आन् आजबी हाये.

औंदा ते पैशे उचलायचे ठरवलं. पाडवा जवळ आला व्हता. कळमनुरीच्या बाजारात तांड्यावरच्या हिरासिंगाकडं मला मेंढ्या दिसल्या. कोवळ्या, भरल्या अंगाच्या, पहिल्या वेताच्या. मी तोंड उघडून दात पाह्यले, पाठीवरून हात फिरवला आन् तिथंच निंदणीच्या मजुरीतला बयाना तेच्या हातावर ठेवला.

हिरासिंग म्हणला, "बाई, पुढच्या बाजारापर्यंत थांबतो. तेच्या पुढं न्हाई. वसमतचा व्यापारी कटाईसाठी मागून राहिला."

पुढच्या बाजारानंतर लगेच पाडवा. म्हणजे मेंढ्या आल्या तर साल सुटलं, न्हाई आल्या तर लिंबाजी पुन्हा वरीसभर दुसऱ्याच्या मेंढरांमागं. मधी काहीच न्हाई.

"मालकाला काय सांगू?" लिंबाजी इचारू लागला.

"सांग, कौसा न्हाई म्हणली."

"आसं कसं सांगू?"

"तोंडानं सांग. आनखी कशानं सांगतेत?"

दुसऱ्या दिवशी सकाळीच बँक गाठली. लखोटा पिशवीत, पासबुक पदरात. लाइनीत उभं राहून राहून पाय दुखले तवा माहा नंबर आला. काचेमागच्या पोरानं कॉम्प्युटरवर काहीतरी टिपलं आन् म्हणला, "मावशी, खातं बंद पडलंय. दोन वर्षांच्या वर झालं, व्यवहारच नाही."

"व्यवहार न्हाई केला म्हणूनच तर पैशे राह्यले. केला असता तर खाऊन बसले असते ना."

"तसं नसतं मावशी. कार्ड आहे का?"

मी लखोटा काढून ठेवला. भंडारा उडून तेच्या कॉम्प्युटरच्या बटनांवर सांडला. मागची लाइन खीखी करून हसली. तेनं फुंकर मारली, लखोटा फाडला, कार्ड उलटसुलट केलं. "याची मुदत संपली."

"उघडलंच न्हाई तर संपली कशी? भाकर इटते बाबा, हे तर प्लास्टिक हाये."

तेनं शिल्लक सांगितली. मी पासबुकावर बोट ठेवलं. टाकले व्हते तेच्यापेक्षा कमी. व्याज धरून कमी. मी म्हणलं, कुठं गेले? तो म्हणला, "चार्जेस असतात. सिस्टिम आपोआप कापते." हे तेनं आसं सांगितलं जसं पाऊस पडतो, वारा सुटतो. उंटावरून शेळ्या हाकणं म्हणतेत ते हेच.

आता माह्यं डोकं फिरलं. "सिस्टिम कोण?" मी म्हणलं. "मेंढरू कमी भरलं तर राखणदार मालकाला कान दाखवतो. माह्यं कमी भरलं, मला कान दाखवा."

मी काय म्हणून राहिले ते काहींना कळलं, काहींना न्हाई, म्हणून मीच सांगितलं. राखणदाराकडं मेंढरू मेलं, लांडग्यानं नेलं, तर तेचा कान आणून मालकापुढं ठेवायचा. कान दाखवला तर मेलं. न्हाई दाखवला तर राखणदारानं विकलं न्हाईतर शिजवून खाल्लं, सरळ हिशोब. माह्या नवऱ्यानं सारा जन्म फडक्यात बांधून कान नेऊन दाखवले. एकबी कान चुकवला न्हाई. मग माह्या पैशाला राखणदार बँक व्हती का न्हाई?

आतल्या खोलीतून एक मॅडम बाहेर आल्या. हिंगोलीच्या, अपर्णा मॅडम, नव्यानंच आलेल्या. मला वाटलं आता शिपायाला बोलावतात. पण तेनी दार धरून ठेवलं आन् म्हणल्या, "आत या, कौशल्याबाई. कान दाखवते."

तेनी कागद छापून काढला आन् पेन घेऊन एकेका ओळीशी थांबल्या. ही कार्डाची वर्षाची फी. ही पुढच्या वर्षाची. म्हणजे देवापशी भंडाऱ्यात निजलेल्या कार्डाचं मी भाडं भरत व्हते. हे मेसेजचे पैसे, दर तीन महिन्यांनी.

"मला एकबी मेसेज आला न्हाई," मी म्हणलं.

मॅडमनी नंबर वाचला. तो लिंबाजीचा जुना नंबर. तेचा मोबाइल मेंढरांना पाणी पाजताना मालकाच्या इहिरीत पडला, तेला जमाना झाला. बँक इहिरीत मेसेज टाकून राहिली व्हती आन् पैशे माह्ये कापून राहिली व्हती. मला रडू यावं का हसू हेच कळंना. मॅडमच आधी हसल्या, मग मीबी हसले.

पण मग तेनी कागद खाली ठेवला आन् सरळच सांगितलं. "कार्ड नको होतं तर तेव्हाच नाही म्हणायचं होतं. नंबर बदलला तर कळवायचं होतं. आणि कौशल्याबाई, खात्याला कोणीच हात लावला नाही की आम्हाला वाटतं, माणूस आहे की नाही कोण जाणे. म्हणून ते थांबवून ठेवतात. दुसऱ्यानं काढू नये म्हणून."

घ्या. मी जीव मारून जपत व्हते, आन् बँकेला वाटलं मी मेले. माह्या जिव्हारी लागलं, पण बाई खरं बोलत व्हती. देवाच्या मेंढराला काठी लावत न्हाईत, तरी सांजच्याला कळपात हाये का न्हाई ते पाहातेतच ना. मी तेवढंबी पाह्यलं न्हाई. मग मी तेनला मेंढ्यांचं आन् पुढच्या बाजाराचं सारं सांगितलं.

"खातं थांबल्यावर जे कापलं, ते मात्र कापायला नको होतं," मॅडम म्हणल्या. "ती आमची चूक. परत मिळेल. पण वरून मंजुरी यावी लागते, बाजाराच्या आत होणार नाही. खातं तेवढं लवकर उघडून घेते. आधार द्या, फोटो द्या, आणि तुमचा स्वतःचा नंबर द्या."

मी माहा नंबर दिला. सही केली. चौथी शिकलेली हाये मी, अंगठा लावत न्हाई.

मग वाट पाहाणं. आठवडा सरत चालला आन् फोन काही वाजंना. लिंबाजी ओट्यावर बसून तंबाखू मळायचा आन् माह्याकडं चोरून पाहायचा. मालकाचा निरोप दोनदा आला, यंदा पगार वाढवून देतो म्हणून. तिसऱ्यांदा आला तवा लिंबाजी म्हणला, "कौसा, हो म्हणून ठेवू का? तुह्या मेंढ्या आल्या तर मग न्हाई म्हणता यील."

"साल ठरवून मोडणाऱ्याला काय म्हणतेत ते तूच सांग," मी म्हणलं. तेची तकलीफ मला कळत व्हती. वरीसभराची भाकर हातातून सोडायची म्हणजे खेळ न्हाई. पण माह्यं बी मन आतून हललं व्हतं, ते मी तेला दिसू दिलं न्हाई. खातं उघडलं न्हाई तर मेंढ्या कटाईला जाणार, बयाना बुडणार, आन् ह्या माणसाला मीच पुन्हा मालकाच्या दारात पाठवणार. तेवढं मला सोसलं नसतं.

बाजाराच्या आदल्या दिवशी माह्या मोबाइलला टिंग झालं. बँकेचा मेसेज. माह्या नावानं आलेला पहिलाच. मागून अपर्णा मॅडमचा फोन, "खातं चालू झालं. स्वतः येऊन पैसे काढा."

मी गेले आन् माह्या हातानं पैशे उचलले. मॅडमनी इचारलं, "नवं कार्ड देऊ?"

"नको. मी पायानं येते, पायाला फी न्हाई. मेसेज मात्र राहू द्या, आता माह्याच मोबाइलवर येतात."

"आणि अधूनमधून काहीतरी टाकत-काढत जा."

"जाते. जित्ती हाये ते दाखवायला."

लिंबाजीला घेऊन बाजारात गेले तवा हिरासिंग माह्यासाठीच थांबला व्हता. वसमतचा व्यापारी बाजूला उभा, टेम्पो तयार. मी पैशे मोजून दिले. ठरलेल्यापेक्षा एका मेंढीचे कमी पडले. बँकेनं कापले तेवढेच. हिरासिंग भला माणूस, म्हणला, "ने बाई, पुढच्या बाजारी दे." मी तोंड उघडणार तेवढ्यात मागून आवाज आला.

"कमी पडतेत ते मी घालतो."

भागवत मालक. पांढरं धोतर, हातात काठी. माह्याकडं तेनं पाह्यलंच न्हाई, लिंबाजीकडं पाह्यलं. "लिंबाजी, पाडव्याला ये. आन् ह्या मेंढ्याबी आन. यंदा मिसळल्या तरी चालंल मला. तुह्यासारखा राखणदार मिळत न्हाई रे."

इतकी वर्षं जी अट हालली न्हाई, ती मालकानं बाजारात उभ्या उभ्या सोडली. गोड बोलून पाश टाकणं म्हणतेत ते असं. चारचौघं पाहात व्हते. लिंबाजीनं टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली. हा आता तेचं ते 'बराबर हाये' म्हणणार, आन् मी बाजारात तेला काही म्हणू शकणार न्हाई.

"मालक," लिंबाजी म्हणला, "मेंढ्या तिच्या हायेत. तिला इचारा."

आन् तो दोन पावलं सरकून माह्या मागं उभा राह्यला. मालकाला आता माह्याकडं पाहाणं भागच व्हतं. तेनं पाह्यलं. मी हिरासिंगाला म्हणलं, "एक मेंढी ठेवून घे भाऊ. बाकीच्या दे. उधारीबी नको आन् कोणाची भरबी नको." मालक काठी टेकत बैलांच्या बाजाराकडं गेला.

मेंढ्या घेऊन आमी रस्त्याला लागलो. मी म्होरं, मेंढ्या मधी, लिंबाजी मागं. नवी मेंढरं लई बुजतात, रस्ताभर पसरली. तेवढ्यात नांदेडकडून एसटी आली आन् अडकली. ड्रायव्हरनं हॉर्न वाजवला, मग खिडकीतून मान काढून वरडला, "ए बाबा, कोणाची मेंढरं हायेत ही?"

हे लिंबाजीला रस्त्यावर सारा जन्म इचारलं गेलंय. तोंडात उत्तर बसलेलं. "भाग..." तेवढंच तेच्या तोंडातून निघालं आन् तो थांबला. मला मागून तेचा खाकरल्याचा आवाज आला.

"घरची हायेत," लिंबाजी म्हणला.

मी मागं वळून पाह्यलं न्हाई. माह्ये डोळे भरले व्हते आन् ते तेला दाखवायची मला सवय न्हाई. मी मेंढ्या कडेला घेतल्या, एसटीला वाट दिली. ती धूळ उडवत निघून गेली, रस्त्यावर आमच्याशिवाय कोणी राह्यलं न्हाई, तरी लिंबाजी पुन्हा एकदा म्हणला, "घरची हायेत."