चावलेली पत्ती

मंदिराच्या जत्रेत जमरातच्या पोराची, युतची, झुंज लागली तेव्हाच मी म्हटलं होतं, आज ती सनईसारखी पी दुसऱ्या कोणाला वाजवू दे. बापाने पी फुंकायची आणि तिच्या तालावर पोराने लाथा मारायच्या, हे लोकांच्या डोळ्यांत खुपणार नाही तर काय? पण जमरात कोणाचं ऐकेल तर शपथ.

त्याच्या घरी तीन पी आहेत. नाटकाला लागते ती पोट सुटलेली, मयताला लागते ती पितळी भोंग्याची आणि झुंजीची ही सडपातळ, जावा नावाची पी. पहिल्या दोघींवर कोणी संशय घेत नाही. हिच्यावर मात्र पैजा अडकलेल्या असतात, कारण पी चढली की लढणारे चढतात आणि ती मंदावली की तेही दम खातात.

मी ढोल मांडीवर घेतला. "जमरातदादा, पोरगा थकला की हळू करशील, नाही का?"

"तू ढोल बडव, छोत."

"बडवतोच. पण कान तुझ्याकडे आहेत."

"अख्ख्या गावाचे आहेत. त्यात तुझे दोन."

गालात हवा साठवून तो नाकाने श्वास घेतो, त्यामुळे झुंज संपेपर्यंत त्याचा सूर तुटत नाही. मी त्याच्या गालांवरून नजर काढली नाही. चौथ्या फेरीत कोपर बसून युतची भुवई फुटली. आता हा हळू करणार, असं मला वाटलं, तर याने चाल वाढवली. मला त्याचाही संशय आला. म्हटलं, लोकांना दाखवायला करतोय.

पाचव्या फेरीत युत दोरांना टेकला. पोटात गुडघा बसला, आणि पी एकदम थांबली. त्याच क्षणी युत उसळला, त्याने लाथ मारली आणि समोरचा आडवा झाला. तो उठला नाही.

हरलेल्याचा वस्ताद बुन्चू तरातरा आमच्याकडे आला, मागून पंच आले. "बापाने पी थांबवून इशारा दिला. सगळं ठरवून केलंय."

"तसं असेल तर निकाल रद्द," पंच म्हणाले. "आणि जमरात, यापुढे कुठल्याच रिंगणाजवळ बसायचं नाही."

मी त्याची बाजू घेतली नाही. माझ्याही मनात तेच होतं.

जमरातने पीची सूर काढणारी पत्ती तोंडातून काढून तळहातावर ठेवली. पी वाजवताना ही पत्ती सगळीच्या सगळी तोंडात असते, पण दात तिला कधी लागू द्यायचे नसतात. ताडाच्या पानाची ती पत्ती मधोमध चावून तुटली होती आणि तिच्यावर रक्त होतं.

"गुडघा बसला तेव्हा?" पंचांनी विचारलं.

जमरातने होकारार्थी मान हलवली. मला माझीच लाज वाटली.

"बापाचं राहू द्या," बुन्चू म्हणाला. "पोराला विचारा. पी थांबल्यावर त्याने काही ओळखलं असेल, तर तो इशाराच झाला."

पंचांना ते पटलं. त्यांनी युतला खाली बोलावलं. तो कोणाकडे न बघता सरळ बापाजवळ गेला आणि त्याने बापाचे दोन्ही खांदे धरले. एक डोळा रक्ताने मिटला होता. या पोराला खोटं बोलता येत नाही, हे मला ठाऊक होतं.

"बाबा, पी का थांबली? मला वाटलं, तुम्हाला काही झालं. म्हटलं, आता हे लवकर संपवून..."

मी दोन्ही हातांनी ढोल बडवायला सुरुवात केली.

"अरे, थांब जरा," पंच ओरडले.

"पुढच्या झुंजीला उशीर होतोय, साहेब. लोक खोळंबलेत."

पुढची जोडी खरंच दोरांतून आत शिरत होती आणि लोक टाळ्या पिटत होते. युतचे ओठ हलत राहिले, पण ते फक्त जमरातला ऐकू गेलं असेल. पंचांनी हात झटकले आणि निकाल तसाच ठेवून ते वर चढले.

जमरातने पीला दोऱ्याने बांधलेली दुसरी पत्ती सोडली आणि ओली करायला तोंडात धरली. संध्याकाळभरात पहिल्यांदाच मी त्याच्यावरची नजर काढून घेतली, आणि त्याचा सूर लागेपर्यंत एकटाच बडवत राहिलो.