पाहुण्यांच्या खुर्चीवरचा पहिला पेपर

मित्रांनो, मी एक जुनी लाकडी खुर्ची आहे. एक पाठ, दोन हात आणि चार पाय. त्यातले तीन सारखे, चौथा बोटभर आखूड. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचं आहे ते सांगताना माझी मान खाली जाणार आहे, आणि खुर्चीची मान खाली गेलेली कुणाला दिसत नाही.

माझं लाकूड ज्या झाडाचं, ते झाड एवढं उंच होतं की सकाळी शेंड्यावरून निघालेली खार संध्याकाळी बुंध्याशी पोचायची, तीही मध्ये फांदीवर वामकुक्षी न घेता. हे मला सुतारानं सांगितलं. सुतार थापा मारण्यात पटाईत. मापं घेतानाही त्याचं तोंड चालूच असायचं, म्हणून माझा एक पाय बोटभर जास्त कापला गेला. त्यानं त्याखाली पुठ्ठ्याची घडी सारली आणि गिऱ्हाइकाला म्हणाला, "नवं लाकूड आहे, वर्षभरात आपोआप सरळ होईल." त्या गोष्टीला आता चाळीस वर्षं झाली. मीही कुणाला काही बोलले नाही.

ते गिऱ्हाईक म्हणजे रेडिओ दुरुस्त करणारे एक गृहस्थ. त्यांची भाची त्यांना मामा म्हणायची, म्हणून सगळी गल्ली त्यांना रेडिओमामा म्हणू लागली. त्यांच्या अरुंद दुकानात टेबलासमोर मला ठेवलं. येणारा माझ्यावर बसायचा, मांडीवरचा रेडिओ टेबलावर ठेवायचा आणि घरात कुणी आजारी असल्यासारखं दबक्या आवाजात दुखणं सांगायचा. मामा प्रत्येक रेडिओला सुतळीनं एक चिठ्ठी बांधत. नाव आणि बिघाड. शाळा सुटल्यावर भाची माझ्यावर पाय हलवत बसे आणि चिठ्ठ्या तीच लिही. तिला सगळे चिमणी म्हणत. "आवाज येत नाही. बहुतेक रुसला आहे," असलंही काहीबाही लिहायची, आणि मामा तेच बांधत.

मामांचा एकच नियम होता. येतो म्हणून गेलेल्या माणसाची वस्तू टाकायची नाही.

पुढे रेडिओ दुरुस्त करून घेणारेच उरले नाहीत. दुकान बंद झालं तेव्हा मागे राहिलेले त्रेचाळीस रेडिओ चिठ्ठ्यांसकट घरी आले, आणि त्यांच्या मागोमाग मी. बाहेरच्या खोलीत मला पाहुण्यांची खुर्ची म्हणून मान मिळाला. मामी कपाळाला हात लावून म्हणाल्या, "अहो, यातली निम्मी माणसं वर गेली असतील. कुणासाठी सांभाळताय?"

"आणि एखादा आला तर काय तोंड दाखवू?"

"तोंड राहू द्या, आधी झाडू फिरवायला जागा दाखवा."

मामी होत्या तोवर झाडू फिरत होता. एके दिवशी सकाळी त्या शब्दकोडं सोडवत होत्या. छातीत कळ आली म्हणून त्यांना दवाखान्यात न्यायचं ठरलं. दारात चप्पल घालताना त्या म्हणाल्या, "पेपर टाकू नका हं, बाकीचं आल्यावर सोडवते." मामांनी गडबडीत तो माझ्यावर ठेवला. "दोन मिनिटं राहू दे," असं मलाच म्हणाले असावेत.

मामी परत आल्या नाहीत. त्या पेपरवर दुसरा पेपर आला, मग तिसरा.

आता लाजेची गोष्ट. मला ते आवडलं, मित्रांनो. पाहुणा बसला की माझा आखूड पाय डुगडुगायचा, लोक हसायचे. कागद कसे निमूट बसतात! मी मनात म्हणायची, येऊ दे अजून. आणि येतच गेले. बाटल्यांची झाकणं, छत्र्यांच्या काड्या, दाते पडलेले कंगवे, उघडी घड्याळं, डबे, आणि त्या डब्यांत आणखी लहान डबे. "लागेल कधीतरी," मामा म्हणायचे. माझ्यावरच्या ढिगात पालीच्या तीन पिढ्या नांदल्या. तिसऱ्या पिढीनं जमीन कधी पाहिलीच नव्हती, थोरल्या पालींकडून तिच्याबद्दल नुसतं ऐकलं होतं.

खोलीत फूटभर वाट उरली. मामा खेकड्यासारखे तिरके चालू लागले. कुणी आलं की दार चार बोटं उघडत आणि म्हणत, "आत पाहुणे आहेत हो." पाहुणे कुठले? पाहुण्यांची खुर्चीसुद्धा सापडत नव्हती. दार लावल्यावर ते बराच वेळ कडीवर हात ठेवून उभे राहत. त्यांचे कान लाल झालेले मला ढिगाच्या फटीतून दिसत.

चिमणी तेव्हा दुसऱ्या गावी नोकरीला होती. मामा डोळ्याच्या ऑपरेशनला चार दिवस गेले, तेव्हा ती आली, नाकाला ओढणी लावून, ट्रक घेऊन. दोन दिवसांत घर लख्ख. मला तिनं पुसलं, पॉलिश केलं, शब्दकोड्याचा पेपर मात्र घडीत घडी जाऊन माझ्या बैठकीच्या फटीत अडकला होता, तो तिला दिसला नाही. मामा आले, नव्या डोळ्यांनी चारी भिंती बघितल्या. ओरडले नाहीत. एवढंच विचारलं, "चिठ्ठ्या कुठायत?"

त्रेचाळीस रेडिओ चिठ्ठ्यांसकट गेले होते.

सहा महिन्यांत घर पुन्हा गळ्यापर्यंत भरलं. मामांनी कुलूपही बदललं. चिमणी दर सुट्टीला यायची, दाराशी बोलायची आणि परत जायची. अशी दोन वर्षं.

मग ती सकाळ आली. रेडिओचा जुना, जड लोखंडी ट्रान्सफॉर्मर ढिगाच्या टोकावर ठेवायला मामा टाचा उंचावून उभे राहिले. पाय सटकला. पडता पडता त्यांनी माझा हात धरला. खुर्चीचे हात असतात कशाला? पण माझ्याखालचा पुठ्ठा कधीच चुरा झाला होता. मी आखूड पायावर कलले आणि ढिगासकट त्यांच्यावर आले. ट्रान्सफॉर्मरनं नडगी फोडली. शेजारणीनं हाका ऐकून त्यांना बाहेर काढलं तेव्हा दुपार झाली होती; मी मात्र ढिगाखालीच राहिले.

जखम चिघळली. डॉक्टर म्हणाले, रोज घरी येऊन पट्टी बदलावी लागेल. नर्स आल्या, चार बोटांच्या फटीतून आत बघितलं आणि कमरेवर हात ठेवले.

"आजोबा, मला बसायला एक खुर्ची पाहिजे आणि तुमचा पाय ठेवायला जागा. वाकून, लोंबकळून पट्ट्या करायला मी काही सर्कशीतली नाही. उद्या एवढं झालं नाही तर तुम्हाला दाखल करावं लागेल. आणि हयगय केलीत तर पाय काढावा लागेल, सांगून ठेवते."

शेजारणीनं कळवलं म्हणून दुपारी चिमणी आली. दाराबाहेर उभी राहिली.

"मामा, ट्रक आणलेला नाही. बघ, हात रिकामे आहेत."

"तुझे रिकामे हात माहितीयत मला. मागच्या वेळी घर रिकामं करून गेले."

 मग ती म्हणाली, "चुकलं माझं. त्या चिठ्ठ्या माझ्याच अक्षरातल्या होत्या. एकही न वाचता फेकल्या मी."

कडी निघाली. दार मात्र मामांनी धरूनच ठेवलं. "आत नको बघूस, चिमणे. लाज वाटते गं."

"मी कुठे घर बघायला आले? मला फक्त खुर्ची पाहिजे. मी कशालाही हात लावणार नाही. तू उचल, तू ठरव. मी नुसती पिशवी धरते."

चार तास लागले. मामा बसल्या जागेवरून एकेक वस्तू उचलत, "हे लागेल," म्हणत. चिमणी वाद घालत नव्हती. "सिस्टरना उद्या बसायला लागेल, त्यापेक्षा जास्त?" एवढंच विचारायची. काही वस्तू पिशवीत गेल्या, बऱ्याचशा नुसत्या शेजारच्या ढिगावर सरकल्या. संध्याकाळी माझी बैठक उघडी पडली आणि फटीत मामींचा पेपर सापडला. अर्धं कोडं भरलेलं. मामांनी तो छातीशी धरला. चिमणीनं पिशवीचं तोंड स्वतःहून मिटलं.

मग ती माझ्यावर बसून बघायला गेली, आणि मी डुगडुगले. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"थांब!" मामा म्हणाले. त्यांनी डब्यातला डबा, त्यातलाही डबा उघडला आणि रेडिओचं एक काळं रबरी बटण काढलं. माझ्या आखूड पायाखाली ते असं चपखल बसलं, जणू सुतारानं मापच पाठवलं होतं. "बघ! म्हटलं नव्हतं, लागेल?"

"बारा वर्षांच्या साठवणीत एक वस्तू लागली, मामा!" चिमणी हसत सुटली. मग मामाही हसले, डोळे पुसत.

दुसऱ्या दिवशी नर्स ऐसपैस बसल्या. मामांचा पाय आता वाचला आहे. घर म्हणाल तर अजून भरलेलंच आहे. फूटभर वाटेची दोन फूट झाली एवढंच. चिमणी दर रविवारी येते, तासभर माझ्यावर बसते आणि जाताना मामांनी स्वतः भरलेली एक पिशवी घेऊन जाते. एकच.

मित्रांनो, तुमच्या ओळखीत असं घर असेल तर नाकाला रुमाल लावून, गाडी घेऊन जाऊ नका. दारात उभं राहून फक्त बसायला जागा मागा. ती मिळायला चार तास लागले तरी मागा. आणि माझ्यासारखं निमूट ओझं वाहत बसू नका. वेळीच करकरलं पाहिजे. मी करकरले नाही, याची लाज मला अजून आहे.

नर्स पहिल्यांदा माझ्यावर बसून पट्टी करून गेल्या त्या दिवसाचं सांगते. चिमणी औषधं आणायला गेली होती. दारात नवा पेपर पडला. मामांनी तो उचलला, सवयीनं माझ्याकडे आले, हात पुढे केला आणि म्हणाले, "दोन मिनिटं..."

तेवढ्यात थबकले. एका हातात नवा पेपर, दुसऱ्यात मामींचा. बराच वेळ लंगडत्या पायावर तसेच उभे राहिले. मग वळले आणि माझ्यावर पुन्हा कागदांचं ओझं साचू नये म्हणून स्वतःच माझ्यावर बसले. मामींचा पेपर मांडीवर उघडला, चष्मा लावला आणि राहिलेलं कोडं सोडवू लागले. चिमणी येईपर्यंत त्यांनी जागा सोडली नाही.