धाकटीचा गळा

शिंपीणबाईंचा हात म्हणजे हात! अख्खी गल्ली डोळे मिटून त्यांच्याकडे कापड टाकायची. फक्त धाकट्या बहिणीचा झगा शिवला की गळा दोन बोटं आवळलेला निघायचा. एकदा नव्हे, चांगलं चार वेळा. वहीत माप बरोबर, कापडावर खडूची रेघ बरोबर. कात्री मात्र रेघेच्या आतून फिरलेली.

"ताई, जीव घेतेस की काय माझा?" धाकटी हसून म्हणायची. बाई मान खाली घालून गळा उसवायला घ्यायच्या.

धाकटीला दिवस गेले. आई नाही, म्हणजे बाळंतपण ताईकडेच. तेव्हा कुठे बाई मनाच्या डॉक्टरांकडे गेल्या. तिथली रीतच वेगळी. आपण कोचावर आडवं व्हायचं, मनात येईल ते बोलायचं, काही गाळायचं नाही. डॉक्टर डोक्यामागे बसणार, दिसणारसुद्धा नाहीत.

"मन जे विसरलेलं असतं, ते हात करून बसतो," डॉक्टर म्हणाले.

"मी काय वेडी आहे?" बाई फणकारल्या. दोन आठवडे गेल्याच नाहीत. मग निमूट गेल्या.

तिसऱ्या महिन्यात डॉक्टरांनी विचारलं, "गळा म्हटलं की काय आठवतं?"

"टेप. मापाची."

"कुणाच्या हातात?"

बाईंना दरदरून घाम फुटला. आई मशीनवर पाठमोरी. पाळण्यात धाकटी रडून रडून लाल झालेली. ती आल्यापासून आईची मांडी मिळत नव्हती. आणि पाच वर्षांच्या ताईच्या हातात टेप.

"मग?"

"मग ती रडायची थांबली. आईनं धावत येऊन टेप हिसकावली." बाई स्वतःच्याच आवाजाला घाबरल्या. धाकटी गप्प झाल्याची सुटका त्या आवाजात होती.

"पुढच्या वेळी इथूनच बोलू."

पुढची वेळ आलीच नाही. "आता बरं वाटतंय," बाईंनी फोनवर सांगून टाकलं.

बाळ महिन्याचं झालं. धाकटी म्हणाली, "ताई, अंघोळ करून येते. रडला तर बघ हं." न्हाणीचं दार लागलं. बाळानं टाहो फोडला. बाई पाळण्याशी गेल्या. गळ्यातली टेप कधी हातात आली, कळलं नाही.

"बाहेर ये!" त्या किंचाळल्या. "मला याच्याजवळ एकटं सोडू नकोस गं!"

दार त्याच क्षणी उघडलं. धाकटीचे कपडे कोरडे होते.

"आईनं जाताना मला सगळं सांगितलं होतं, ताई," बाळाला उचलत ती म्हणाली. "मी दाराआडच उभी होते."