नुसती यंत्राची चाचणी

डोळे तपासणारी ताई गावात आली तेव्हा तिला दोनच गोष्टी हव्या होत्या. भरदिवसा अंधार करता येईल अशी खोली, आणि माणसासकट वरखाली होणारी खुर्ची. दोन्ही एकाच छपराखाली फक्त तात्यांच्या सलूनमध्ये होत्या. तिने विचारलं आणि तात्या मोठ्या मनाने "घ्या की!" म्हणून बसले. मग आपण काय करून बसलो ते त्यांच्या लक्षात आलं.

कारण तात्यांना नीट दिसत नव्हतं. गेलं वर्षभर गिऱ्हाइकाचा गाल आणि गालावरचा फेस यांतला फरक त्यांना बोटांनीच कळत होता. वस्तरा चालायचा तो सवयीवर. हे त्यांनी बायकोलासुद्धा सांगितलं नव्हतं. एकदा ही गोष्ट फुटली, की त्यांच्या वस्तऱ्याखाली मान द्यायला कोण येणार? आणि दुकान नसलेले तात्या म्हणजे दिवसभर घरात बसून बायकोला स्वयंपाक शिकवणारे तात्या. ते दोघांपैकी एकालाही परवडणारं नव्हतं.

ताईचं काम सरळ होतं. ती डोळ्याच्या आतला फोटो काढायची, तो डोंगरापलीकडच्या शहरात डॉक्टरीणबाईंकडे जायचा, आणि थोड्या वेळाने बाई स्वतः पडद्यावर येऊन काय ते सांगायच्या. तात्यांनी स्वतःकडे यजमानपण घेतलं. रांग लाव, पाणी दे, शटर ओढ. कुणी "तात्या, तुम्हीपण बसा" म्हटलं, की "माझे डोळे काय बघायचे, उभा जन्म आरशासमोर गेलाय!" म्हणून हशा पिकवायचा आणि सटकायचं.

दुपारी नेट गेलं. परत आलं तेव्हा ताई म्हणाली, "तात्या, जरा बसता का? एक फोटो पाठवून बघते, पोचतोय का ते."

तात्या सावध झाले. "म्हणजे माझी तपासणी?"

"छे हो! नुसती यंत्राची चाचणी."

यंत्राची असेल तर आपलं काय जातंय? तात्या ऐटीत खुर्चीवर बसले.

फोटो आला तो पांढुरका, धुरकट. ताईने काच पुसली. पुन्हा तेच. तात्यांनी स्वतःचा धुतलेला पंचा पुढे केला. तरी तेच. ताईने वायर काढून परत लावली, खुर्ची खालीवर केली. तिचा चेहरा रडवेला झाला, तसा तात्यांना तिचा कळवळा आला.

"मनाला लावून घेऊ नका. यंत्र म्हातारं झालं की असं व्हायचंच."

ताईने रांगेतल्या मास्तरांना बसवलं. त्यांचा फोटो लख्ख आला. तात्यांना काय घडतंय ते कळेपर्यंत पडद्यावर डॉक्टरीणबाई उगवल्या. आवाज मोठा ठेवलेला होता.

"ताई, कॅमेरा ठणठणीत आहे. धुरकट फोटो ज्यांचा आहे, त्यांना चांगला पिकलेला मोतीबिंदू आहे. ऑपरेशनने बहुतेक छान दिसायला लागेल. काय काम करतात ते?"

शटरच्या आतबाहेर सगळी रांग कान टवकारून होती.

"दाढ्या करतो," तात्या म्हणाले.

"कशाने?"

"वस्तऱ्याने."

बाई पडद्यात पुढे झुकल्या. मग म्हणाल्या, "आधी तो वस्तरा पेटीत ठेवा."

तात्या घरी गेले ते खाली मान घालून. बायकोने ऐकून घेतलं, "मला नाही सांगितलंत!" म्हणून भांडून घेतलं, आणि पिशवी भरायला घेतली. शहरात एक डोळा झाला, काही आठवड्यांनी दुसरा. मधले दिवस दोघं तिच्या भावाकडेच राहिली. तात्यांना भिंतीवरची पाल दिसू लागली, बायकोचे पिकलेले केस दिसू लागले. पण मन काही लागेना. बाजारच्या गावात पंख्याखाली बसवून गाणी ऐकवणारं नवं सलून होतं. गिऱ्हाइकं केव्हाच तिकडे गेली असणार, याबद्दल त्यांना शंका नव्हती.

परत येताना बसमधून उतरले, तर थांब्यावर पाच-सहा दाढीवाले उभे. तात्यांनी त्यातल्या एकाला अदबीने विचारलं, "पाहुणे कुठले?"

"पाहुणा काय! तुमच्या बहिणीचा नवरा मी," दाढीवाला खेकसला. "ती मला घरात घेत नाहीये. आधी दुकान उघडा."

दुकान उघडताच सगळ्यांत आधी मास्तर बसले. तात्यांनी कात्रीने जंगल उतरवलं, फेस लावला, वस्तरा फिरवला. गाल मोकळा झाला आणि त्यांचा हात थांबला. कानाखाली एक जुना व्रण होता. हनुवटीवर दुसरा. जबड्याच्या कडेला आणखी एक.

"हे मी केलंय?"

"मग काय मी?"

तात्यांनी वस्तरा बाजूला ठेवला. "बोलला का नाहीत? दुसरीकडे का नाही गेलात?"

"तिथे कोण ओळखीचं आहे?" मास्तर आरशातून त्यांच्याकडे बघत म्हणाले. "आणि एवढं काही अवघड नव्हतं, तात्या. तुम्ही वस्तरा धरायचात, मान आम्ही हलवायचो."