रुचाने सांगितलेली चव

सौदी अरेबियातल्या हफ्र अल बातिनच्या इस्पितळात डॉक्टर असलेली रुचा सुट्टीत नवऱ्याबरोबर, शर्विलबरोबर, सँटोरिनीला जाणार होती. त्या ग्रीक बेटावर द्राक्षमळ्यांची रेलचेल. पण वाइनरी आणि रेस्टॉरंट निवडताना तिचं मन कचरत होतं. कोविडनंतर शर्विलला वास येईनासा झाला होता, त्यामुळे चवही धड लागत नव्हती.

"आपण नुसता समुद्रच बघू या का?" तिने विचारलं.

शर्विलने लॅपटॉप तिच्याकडे वळवला. वाऱ्यापासून घड वाचावेत म्हणून वेली जमिनीलगत टोपलीसारख्या वळवणारी एक वाइनरी त्याने केव्हाच निवडली होती. जेवायला बंदरावरचं रेस्टॉरंट, जिथे मासे डोळ्यांसमोर निखाऱ्यावर भाजतात.

"वास तू घे आणि मला सांग," तो म्हणाला. "तू सांगितलंस की मला निम्मी चव लागतेच."

एवढं गमावूनही हा माणूस किती हौसेने जगतो, याचं तिला फार कौतुक वाटलं.

बेटावर पहिला घोट घेऊन तिने डोळे मिटले. "लिंबाची साल... आणि समुद्राच्या पाण्याने भिजलेला दगड."

शर्विलने ग्लास ओठांना लावला, सावकाश घोट घेतला. "लिंबाचं ठाऊक नाही," तो हसला, "पण दगड झकास आहे!"